महाडचें लुगडें

मुंबईहून पेण ओलांडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास आंबा नदीच्या कांठीं नागोठणें लागतें. पूर्वीं समुद्रमार्गें आलेले उतारू येथें उतरत आणि महाडावरून महाबळेश्वराकडे जात. मुंबईचा माल या खाडीनें आंत येई आणि मालाबरोबर शहरांतील चालीरीतींची वार्ताहि येई. स्त्रियांचा पेहराव कसा बदलत गेला, हें या वाटेनें जाऊन पाहिलें म्हणजे शहरांत सहसा न दिसणारी त्याची दुसरी बाजू नजरेस पडते.

शहराची बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरपेशा घरांतील बाईनें पायांत जोडे घालून व हातीं छत्री धरून रस्त्यानें चालावें, एवढेंहि लोकांस सोसवत नसे. आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर यांस त्यासाठीं उपहास सहन करावा लागला. पुढें गांठीच्या चोळीची जागा पोलक्यानें घेतली आणि शिकलेल्या मुली कासोट्याचें नऊवारी सोडून पांचवारी गोल पातळ नेसूं लागल्या. विधवेच्या कपाळीं मात्र लाल आलवण आणि केशवपन चुकत नव्हतें. कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं गांवोगांव निधि जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनीं पुढें केशवपनाची रूढि स्वतः मोडली, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

या स्त्रियांचा झगडा जुना वेष टाकण्यासाठीं होता. परंतु तोच जुना वेष नीट नेसण्याची ज्यांस मोकळीक नव्हती, अशाहि स्त्रिया याच महाराष्ट्रांत होत्या. चिखलांत भात लावतांना कोणतीहि बाई लुगडें वर खोंचते. ती सोयीची गोष्ट झाली. अस्पृश्य मानलेल्या बाईनें मात्र काम असो वा नसो, तें आंखूडच नेसावें अशी रूढि होती. बेबी कांबळे यांनीं ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनांत लिहिलें आहे कीं, लुगड्याचा कांठ दिसूं नये म्हणून तो निऱ्यांत दडवावा लागे. त्यांत गळ्यांत गळसऱ्यांचें ओझें आणि हातांत कोपरापर्यंत हलक्या धातूचे दागिने. वाटेनें येणाऱ्या बाईची जात एक शब्दहि न विचारतां दुरूनच कळावी, हेंच त्या पेहरावाचें काम होतें.

ही खूण कुलाबा जिल्ह्यांतच, म्हणजे आजच्या रायगडांत, प्रथम जाहीरपणें पुसली गेली. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. २५ तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावरील सत्याग्रह मात्र कोर्टाच्या मनाईमुळें तहकूब करावा लागला. त्याच परिषदेच्या वेळीं बाबासाहेबांनीं स्त्रियांस उद्देशून भाषण केलें. अस्पृश्यतेच्या खुणा अंगावर वागवूं नका, लुगडें स्पृश्य स्त्रियांप्रमाणें नेसा, त्यास अधिक पैसा लागत नाहीं, हलक्या दागिन्यांचा भार टाका, स्वच्छ रहा, मुलींस शाळेंत घाला, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यास वा मुलास थारा देऊं नका, असा त्या उपदेशाचा आशय होता.

भाषणें पुष्कळ होतात व विरून जातात. हें विरलें नाहीं. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या सवर्ण घरांतील दोन स्त्रिया पुढें झाल्या व त्यांनीं जमलेल्या बायकांस नव्या पद्धतीनें लुगडें नेसण्यास शिकविलें. ज्या काळीं सावलीचाहि विटाळ मानीत, त्या काळीं एका बाईनें दुसरीच्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करून द्याव्या, यांतील धैर्य दोन्हीं बाजूंचें होतें. शिकविणारीस आपल्या आप्तांचा रोष पत्करावयाचा होता. शिकणारीस तर त्याच वेषानें आपल्या गांवच्या वाटेस लागावयाचें होतें.

ही केवळ वरिष्ठांची नक्कल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु येथें हेतु नटण्याचा नव्हता, ओळखूं न येण्याचा होता. दोघी सारख्याच नेसल्या म्हणजे पाणवठ्यावर हटकणाऱ्यास प्रथम जात विचारावी लागते, आणि जी गोष्ट विचारावी लागते तिचें उत्तर नाकारतांहि येतें.

चवदार तळ्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टांतून मिळावयास १९३७ चा मार्च उजाडला. लुगडें घोट्यापर्यंत यावयास मात्र कोणत्याहि निकालाची वाट पहावी लागली नाहीं. पुढें २० जुलै १९४२ रोजीं नागपुरास दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली. समाजाची प्रगति आपण त्यांतील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतों, असें बाबासाहेबांनीं तेथें सांगितलें. महाडास स्त्रिया श्रोत्या होत्या. नागपुरास अध्यक्षपदीं सुलोचनाबाई डोंगरे या स्त्रीच होत्या.

शहरांत नऊ वारांचे पांच वार झाले, ती सुधारणा ठरली. महाडास गुडघ्यावरचें लुगडें घोट्यावर आलें, तीहि सुधारणाच होती. पहिलीची छायाचित्रें घरोघरीं जपलेलीं आहेत. दुसरीचें स्मरण बव्हंशीं तोंडोतोंडींच राहिलें; म्हणूनच तें पुन्हां पुन्हां सांगितलें पाहिजे.