मोटारीचा रंग आणि मानसशास्त्र : कोलकात्याची पिवळी टॅक्सी

मोटार खरेदी करताना किंमत आणि इंधनाचा खर्च यांच्या जोडीला रंगाचाही विचार आवर्जून केला जातो. लाल रंग वेगाची आवड दर्शवितो, काळा अधिकार, तर पांढरा साधेपणा, अशी समीकरणे लोकप्रिय आहेत. मात्र केवळ रंगावरून मालकाच्या स्वभावाचा निष्कर्ष काढण्यास भक्कम शास्त्रीय आधार नाही. मोटारीच्या रंगाला अर्थ प्राप्त होतो तो प्रामुख्याने समाजाचा अनुभव, नियम आणि सवय यांतून. कोलकात्याची पिवळी टॅक्सी हे याचे ठळक उदाहरण आहे.

एक मोटार, दोन अर्थ

ब्रिटिश बनावटीच्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित ॲम्बॅसडर मोटार हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होत असे. हुगळी जिल्ह्यातील हे ठिकाण कोलकात्यापासून जवळ आहे. पांढऱ्या रंगाची आणि टपावर लाल दिवा असलेली ॲम्बॅसडर अनेक दशके मंत्री व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सत्तेचे प्रतीक मानली गेली. १ मे २०१७ पासून लाल दिव्याचा वापर बंद झाला. हीच मोटार पिवळ्या रंगात हावडा स्थानकाबाहेर उभी असली, की सामान्य प्रवाशाला ती आपली वाटे. बांधणी तीच, आकारही तोच. रंग बदलताच पाहणाऱ्याच्या मनातील भाव बदलत असे.

कोलकात्यात पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्सीही धावत. त्यांना शहराच्या हद्दीत, तर संपूर्ण पिवळ्या टॅक्सींना राज्यभर प्रवासाची मुभा होती. अशा प्रकारे रंग हाच परवान्याची खूण ठरला.

दृश्यमानता आणि सुरक्षितता

पिवळ्या रंगाचा एक गुण मात्र सवयीवर अवलंबून नाही. तो डोळ्यांना चटकन दिसतो. सिंगापूरमधील एकाच टॅक्सी कंपनीच्या पिवळ्या आणि निळ्या गाड्यांचा तुलनात्मक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार टॅक्सींमागे पिवळ्या गाड्यांचे अपघात महिन्याला सुमारे ६ ने कमी असल्याचे त्यात आढळले. दोन्ही रंगांच्या गाड्यांच्या चालकांची वाहन चालविण्याची पद्धत सारखीच असल्याने संशोधकांनी या फरकाचे श्रेय दृश्यमानतेला दिले.

पांढऱ्या रंगाच्या लोकप्रियतेमागेही व्यावहारिक कारण आहे. फिकट रंग सूर्यप्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे उन्हात उभी केलेली मोटार तुलनेने कमी तापते. भारतासारख्या उष्ण देशात हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

रंगाचे आश्वासन

पश्चिम बंगालमध्ये २०११ नंतर पांढऱ्या रंगावर निळा पट्टा असलेल्या टॅक्सी रस्त्यावर आल्या. 'नो रिफ्युजल', म्हणजे भाडे नाकारले जाणार नाही, असे आश्वासन त्यांच्यावर लिहिलेले असे. तरीही भाडे नाकारल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. नवा रंग लक्ष वेधून घेतो. विश्वास मात्र चालकाच्या वर्तनातूनच निर्माण होतो, हे यातून स्पष्ट झाले.

अस्तंगत होणारी ओळख

ॲम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. कोलकात्यात १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने चालविण्यास मनाई करणारा आदेश कोलकाता उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला होता. त्यामुळे जुन्या पिवळ्या टॅक्सींची संख्या झपाट्याने घटली आहे. मुंबईकरांनी असा निरोप यापूर्वीच अनुभवला आहे. तेथील शेवटच्या नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मात्र काळा-पिवळा रंग नव्या मोटारींवर कायम राहिला आणि टॅक्सीची ओळखही टिकली.

कोलकात्यासमोरही हाच प्रश्न आहे. ॲम्बॅसडर परत येणार नाही, पण पिवळा रंग दुसऱ्या मोटारीवर चढविता येतो. अनोळखी शहरात रात्री उतरलेल्या प्रवाशाला तो रंग पाहून पूर्वीसारखाच दिलासा वाटेल काय, हे मात्र त्या मोटारीतील सेवेवरच अवलंबून राहील.