इलेक्ट्रिक पिक

पिन-टम्बलर जातीचे कुलूप कंपनाच्या जोरावर किल्लीविना उघडणारे, विजेवर चालणारे हत्यार. विजेवरच्या दातब्रशसारख्या घरगुती यंत्रांतून ते घडवण्याचे हौशी प्रयोगही झाले. लायनस येल (धाकटा) याने १८६० च्या दशकात रूढ केलेल्या या कुलपात स्प्रिंगखाली पिनांच्या जोड्या असतात. हादऱ्याने वरच्या पिना क्षणभर उडतात, जोड्या दुभंगतात आणि तेवढ्यात सिलिंडर फिरतो. दोष स्प्रिंगच्या लवचीकपणातच आहे. म्हणूनच महागडे कुलूपही कधी कधी फसते.

लिव्हरच्या कुलपात अशा जोड्या नसल्याने हे हत्यार तिथे निरुपयोगी ठरते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत दुकानांच्या शटरला लागणारी जाडजूड पितळी कुलपे बहुधा याच घराण्यातली. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात देशी बनावटीचा भरवसा रुजला.

दारावर एक पिनांचे, एक लिव्हरचे कुलूप ठेवणे शहाणपणाचे. बेकायदा शिरण्यासाठी कुलूप न फोडता नुसते उघडले, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० नुसार ती घरफोडीच. शिक्षा कलम ३३१ मध्ये.