गळ टाकण्यापूर्वी होडी आणि गाडी तपासा

पुण्याहून पौडमार्गे मुळशी धरणावर जाणाऱ्या हौशी मच्छीमारांचे लक्ष सहसा गळ आणि आमिषावर असते. खोळंबा मात्र होडीमुळे किंवा ती ओढणाऱ्या गाडीमुळे होतो. जलाशय टाटा पॉवर कंपनीचा असल्याने होडी उतरविण्याची परवानगी आधीच घ्यावी.

मुळशीचे पाणी रायगड जिल्ह्यातील भिरा येथे वीजनिर्मितीसाठी सोडले जाते. त्यामुळे पावसाळ्यानंतर पातळी उतरत जाते आणि दिवाळीत खोल असलेल्या जागी उन्हाळ्यात खडक वर येतो. त्यावर पंखा आपटला, की अनेक लहान इंजिनांतील शिअर पिन तुटते. गिअर वाचविण्यासाठी तिची रचनाच तशी असते; पण इंजिन फिरत राहते आणि होडी जागची हलत नाही. अशा वेळी जादा पिना, पक्कड आणि वल्ही जवळ नसतील, तर वारा सुटल्यावर काठ गाठणे जिवावर बेतू शकते. जीवरक्षक जाकीट काठावरच अंगात घालून त्याचे बंद आवळावेत.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ट्रेलरच्या चाकांकडे. प्रवासात तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतील हवा आकुंचन पावून पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग गंजते. म्हणून हब हाताला गार लागेपर्यंत थांबावे (तेवढ्यात चहा होतो). गाडी उतारावर उभी करताना केवळ हँडब्रेकवर विसंबू नये. चाकांना पाण्याच्या बाजूने दगड लावावा. परतताना ओले ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवावेत आणि मगच वेग घ्यावा.