स्काउट-गाइड चळवळ, भारतातील
मुलामुलींना शिस्त, स्वावलंबन व सेवा शिकवणारी चळवळ. ती साम्राज्याची कवायत होती, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बंगळूरची स्काउट पथके (१९०९) आणि जबलपूरची गाइड पथके (१९११) सुरुवातीला युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींपुरतीच होती, हे खरे. पण दार बंद होते म्हणूनच ॲनी बेझंट यांनी मद्रासेत (१९१६) आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत (१९१८) स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. तीन बोटांची सलामी कायम राहिली. निष्ठा मात्र देशसेवेकडे वळली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउट संघटनांच्या विलीनीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था निर्माण झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत आली. सहा-आठ मुलांचा संघ व त्यांच्यातलाच संघनायक हा या चळवळीचा खरा कणा आहे.