एका काट्यावर तीन मापे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेची सामग्री बनवणारे अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत तपासणीच्या टेबलावर मल्टिमीटर हवाच. शाळेच्या प्रयोगशाळेतही तो आता दिसतो. पण विभवांतर, धारा आणि रोध या तीन वेगळ्या राशी एकाच पेटीत कशा आल्या? या इतिहासात मापनाचा एक मोलाचा धडा आहे, म्हणून तो आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना, धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते, असे आढळले. त्याच वर्षी जर्मनीत श्वाइगर यांनी तारेचे अनेक वेढे देऊन हा परिणाम वाढवला. १८८२ मध्ये फ्रान्सच्या दप्रे व दार्सोंव्हाल यांनी चुंबक स्थिर ठेवून तारेचे वेटोळेच फिरते केले. पुढे अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याला टिकाऊ, सहज नेता येणाऱ्या मापीचे रूप दिले.

या वेटोळ्याला कळते ती फक्त धारा. पण त्याच्याशी मोठा रोध एकसर जोडला की व्होल्टमीटर होतो, लहान रोध समांतर जोडला की ॲमीटर होतो आणि आत एक सेल बसवला की ओहममीटर होतो. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांनी या तिन्ही जोडण्या एका पेटीत आणल्या. १९२३ मध्ये त्यांचा ‘ॲव्हो’ मीटर बाजारात आला. ॲम्पिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

नाशिकचा या कथेशी जवळचा संबंध आहे. मल्टिमीटर बनवणारी मोटवाने कंपनी नाशिक रोडची. या घराण्याच्या शिकागो रेडिओने स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्यासह नानक मोटवाने हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. अंबडच्या शेजारी सातपूरला नरेंद्र गोलिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स मापी बनवते. तिने २०११ मध्ये पोलंडची लुमेल ही कंपनी विकत घेतली.

आता धड्याकडे वळू. काटा हलवायला लागणारी धारा मीटर परिपथातूनच घेतो. म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलते! जुने मीटर पुष्कळ धारा घेत. १९५१ च्या ‘ॲव्हो ८’ ची संवेदनक्षमता दर व्होल्टला २०,००० ओहम होती. पूर्ण विचलनाला त्याला ५० मायक्रोॲम्पिअर पुरत.

हे वर्गात पडताळता येते. ९ व्होल्टच्या बॅटरीला एक लाख ओहमचे दोन रोध एकसर जोडा. एकेका रोधावर ४.५ व्होल्ट यायला हवेत. दर व्होल्टला १,००० ओहमचा मीटर १० व्होल्टच्या पट्टीवर लावला, तर त्याचा रोध १०,००० ओहम होतो. तो रोधाला समांतर येतो आणि काटा ०.७५ व्होल्टवरच थांबतो. २०,००० ओहमचा मीटर ३.६ व्होल्ट दाखवतो. एक कोटी ओहमचा अंकीय मीटर सुमारे ४.४८ दाखवतो. तिन्ही मीटर निर्दोष आहेत, तरी आकडे तीन! रोध एक लाखाऐवजी १०० ओहमचे घ्या; तिन्ही आकडे जवळजवळ एक होतील. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.

धारेच्या पट्टीवर मात्र उलट स्थिती असते. तेथे मीटरचा रोध अगदी कमी असतो. त्या पट्टीवर ठेवलेला मीटर घरातल्या २३० व्होल्टच्या दोन टोकांना लावणे म्हणजे जवळजवळ शॉर्टसर्किटच. फ्यूज नसेल वा चुकीचा असेल, तर मीटर फुटून हात भाजू शकतो. म्हणून शाळेत बॅटरीवरच प्रयोग करावेत, धारा मोजताना मीटर नेहमी एकसर जोडावा आणि ओहम मोजण्यापूर्वी परिपथाचा पुरवठा तोडावा.

विद्यार्थी आकडा वाचायला लवकर शिकतात. तो आकडा कोणत्या मीटरने, कोणत्या पट्टीवर मिळाला, हेही वहीत लिहिण्याची सवय त्यांना लागली, तर मल्टिमीटर खऱ्या अर्थाने त्यांच्या हाती आला, असे आम्हांला वाटते.