‘जरासं जास्त’चं गणित

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. ‘काटा पडायला लागला की चिपाड थोडं वाढवायचं, पण तो झपाट्यानं चढत असेल तर आधीच हात आखडायचा,’ असं ते नव्या पोरांना सांगायचे. थोडं म्हणजे किती, याला त्यांच्याकडे आकडा नव्हता. म्हणून हे ज्ञान नव्हे, नुसती सवय आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. तो समज मोडला इब्राहिम ममदानी यांच्या शोधनिबंधानं.

ममदानींचा जन्म १९४२चा, आजच्या टांझानियातला. पदवी मात्र आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. १९६६मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात पीएच.डी. करून तिथंच शिकवू लागले.

तिथल्या प्रयोगशाळेत वाफेचं एक छोटं इंजिन आणि त्याचा बॉयलर होता. बॉयलरमधला दाब आणि इंजिनाचा वेग, दोन्ही सांभाळायचे. हाताशी फक्त उष्णता आणि थ्रॉटल. इंजिन एका टप्प्यावर वागे तसं दुसऱ्यावर वागत नसे. तुलनेसाठी लावलेला नेहमीचा डिजिटल कंट्रोलर टप्पा बदलला की पुन्हा जुळवावा लागे, तोही चाचपडत.

बर्कलीचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५मध्ये ‘फझी’ संच मांडले होते. एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते, एवढ्यावर न थांबता ती ०.३ किंवा ०.७ इतकीही असू शकते, अशी ती कल्पना. झादे यांच्या १९७३च्या लेखावरून ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी साध्या भाषेतले नियम यंत्राला दिले : दाब बराच कमी असेल आणि फारसा हलत नसेल, तर उष्णता बरीच वाढव. समजा, आत्ताचा दाब ‘थोडा कमी’ या शब्दात ०.७ बसतो आणि ‘बराच कमी’त ०.३, मग दोन्ही नियम आपापल्या वजनानं बोलतात आणि त्यांच्या मधला आकडा निघतो.

खरं तर त्यांना शिकणारा कंट्रोलर हवा होता. पण माणसानं सांगितलेले नियमच अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले चालले, असं १९७५च्या निबंधाच्या सारांशातच म्हटलं आहे. तो सारांश मी वीसदा तरी वाचला असेन.

विरोधही झाला. अपोलो यानांत ज्यांचं फिल्टर वापरलं गेलं, त्या रुडॉल्फ कॅलमन यांना झादे यांची मांडणीच ढिली वाटत होती. इतरांचा आक्षेप असा, की यंत्रणा स्थिर राहील याची गणिती हमी या नियमांतून मिळत नाही. मला तो रास्त वाटतो. बॉयलरपाशी ‘बहुधा’ चालत नाही. तरी डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीनं सिमेंटच्या भट्ट्यांसाठी ही पद्धत घेतली आणि १९८७मध्ये जपानातल्या सेंदाईची भुयारी रेल्वे फझी नियंत्रणावर धावू लागली.

निबंधावर ममदानी आणि असिलियन अशी दोन नावं आहेत. नियम सांगणारा माणूस सारांशात ‘ऑपरेटर’ एवढाच येतो. वडिलांचे नियम तर कुणी लिहूनच घेतले नाहीत. ते गेल्यावर मी आठवून लिहायला बसलो, तेव्हा पाच निघाले. ममदानींच्या त्या छोट्या इंजिनाला चोवीस लागले होते.