जवळची वाट, लांबचा फेरा

"पाणी किती घेतलंयस?" गर्लाख गाव सोडताना मित्राने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला तो जरा अतीच करतोय असं वाटलं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं हे शेवटचं गाव. पुढे दुकान नाही, पंप नाही. थोड्याच वेळात समोर पसरला तो एका प्राचीन सरोवराचा कोरडा, भेगाळलेला तळ. क्षितिजापर्यंत झुडूपसुद्धा नाही. हे ब्लॅक रॉक वाळवंट.

१८४९ साली कॅलिफोर्नियातल्या सोन्यासाठी निघालेली हजारो माणसं बैल जोडलेल्या छपरी गाड्या घेऊन इथून गेली. खरं तर नेहमीची वाट वेगळी होती. ही वाट १८४६ साली ॲपलगेट बंधू आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑरेगॉनकडे जाण्यासाठी शोधलेली. १८४८ मध्ये पीटर लासेन या मूळच्या डॅनिश माणसाने तिला फाटा काढून ती कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या जमिनीपर्यंत नेली. (आपल्या दारावरून रस्ता नेण्याची हौस आपल्यालाही नवी नाही!) ही जवळची वाट, अशी आवई उठली. प्रत्यक्षात ती कितीतरी लांबची. पुढे लोक चिडून तिला 'केप हॉर्नचा फेरा' म्हणू लागले.

रॅबिटहोल झऱ्यापाशी आम्ही उतरलो. गोल्ड्सबरो ब्रफ हा वॉशिंग्टनहून निघालेल्या तांड्याचा कप्तान, पेशाने नकाशे काढणारा. त्याच्या रोजनिशीत इथल्या पाण्याच्या खड्ड्यांची नोंद आहे. एका खड्ड्यात बैल पडून, फुगून घट्ट अडकलेला; वर दिसत होते फक्त मागचे पाय आणि शेपटी. पाण्यापायी गेलेल्या त्या मुक्या जिवाने मागच्यांचं पाणीही बंद केलं. बैल गेला की काय काय जातं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

तिथून पुढे तीसेक किलोमीटर पाणी नाही. दूरवरच्या काळ्या खडकाचा नेम धरून, अनेकदा रात्रीच, तांडे चालत. खडकापाशी झरा लागे, पण कढत पाण्याचा! मात्र भोवती गवत असे. गवताच्या बियांवर इथले उत्तर पायूट लोक जगत. तांड्यांची जनावरं ते चरून पुढे जात; मागे राहणाऱ्यांनी काय खायचं, हा प्रश्न किती जणांना पडला असेल?

२००० साली अमेरिकी संसदेने कायदा करून इथली सुमारे आठ लाख एकर जमीन राखीव केली. म्हणूनच गाड्यांच्या चाकोऱ्या आजही जागोजाग दिसतात. एका चाकोरीकडेला मी बराच वेळ बसलो. ऊन उतरलं, पण घशाची कोरड जाईना.

"पाणी किती उरलंय?" या वेळी मीच विचारलं.